पाण्याची वेणी

गोलंदामच्या घरी पाहुणा आला की त्याला मागची खोली दाखवायची नाही, असा तिच्या नवऱ्याचा नियम होता. कारण ती खोली एकदा उघडली की चहा गार होतो, पाहुणा अवघडतो आणि गोलंदाम काही थांबत नाही. सियामक न्हावी होता. दिवसभर गिऱ्हाइकांच्या गप्पांनी त्याचे कान किटलेले असत, घरी तरी जरा शांतता हवी असं त्याला वाटे. पण त्या खोलीतल्या बायकोच्या काचेच्या पेटीत शिंपडायला दुकानातली फवाऱ्याची बाटली तोच आणून देई, जुनी बिघडली की न मागता नवी. आता अशा माणसाला काय म्हणायचं?

पेटी म्हणजे मासे पाळायची जुनी टाकी. मासा मात्र एकही नाही. तळाला बुनार गावच्या झऱ्यातली लाल माती, मातीवर पाणी असलं-नसलं इतकंच, आणि त्या चिखलात दाटीवाटीनं उभी हिरवी रोपं, सगळी हवेत. वर काचेचं झाकण, कडांना प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली. बाहेर फार्सच्या डोंगरातली हवा अशी कोरडी की धुतलेली चादर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळावी, आणि आत सदा धुकं. सकाळी प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक थेंब लोंबत असे. तो वरून पडलेला नव्हे, पानानंच आतून बाहेर काढलेला. हे तिला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी चुलीवरचा भात करपला होता. अजूनही रोज सकाळी ते थेंब पाहताना ती पापणी लववायची विसरे.

आणि हे रोप काही बाजारातलं नव्हतं. गोलंदामचे वडील गोश्तास्प हे बुनारचे मीराब. म्हणजे झऱ्याचं पाणी कुणाच्या मळ्याला किती वेळ सोडायचं हे ठरवणारा माणूस. गावात मुल्लाशी लोक वाद घालत, मीराबशी नाही. त्या झऱ्याच्या तळाशी लांबच लांब पात्यांचं एक गवत वाढे, प्रवाहाबरोबर डोलत राही. बायका त्याला पाण्याची वेणी म्हणत. लहानपणी गोलंदाम काठावर पालथी पडून तासन्‌तास ते पाहायची. मग पाऊस रुसला, वरच्या अंगाला लोकांनी विहिरी खोल खणल्या, आणि एका उन्हाळ्यात झरा आटला. दुसरीकडे कुठे हे गवत असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शेवटच्या ओल्या चिखलातून गोश्तास्पनं हातानं एक मुळी उकरली, तांब्याच्या वाडग्यात घातली आणि शहरात मुलीच्या दारात आणून ठेवली. म्हणाला, "बघ काय करता येतं." एवढंच.

तिनं केलं. पाण्यात ठेवून मरत होतं म्हणून चिखलात ठेवलं, चिखल वाळत होता म्हणून झाकण लावलं. रोप जगलं, वाढलं. पण वाढलं ते भलतंच होऊन. पाती गेली आणि त्या जागी आखूड, जाड पानं आली, मेंढीच्या कानांसारखी. पुढे तर दांडा वर काढून त्याला तीन पाकळ्यांची पांढरी फुलं आली. गोलंदाम हरखून गेली आणि वडिलांना बोलावून आणलं. म्हाताऱ्यानं चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे ते नव्हे," तो म्हणाला.

"बाबा, तुम्हीच दिलेली मुळी आहे."

"त्याला केस होते. याला कान आहेत. आणि त्याला जन्मात कधी फूल आलं नव्हतं. चिखलातून दुसरंच काहीतरी उगवलं असेल. भाजी आहे ही, कोबीच्या जातीची."

तेव्हापासून फोन आला की तो आधी विचारी, "काय म्हणते तुझी कोबी?" हसत विचारी, पण गोलंदामला ते लागे. कारण शंका तिलाही होती. पाण्यात घालून पाहिलं की कळेल, हे तिला समजत होतं. तिनं कितीदा तरी एखादं रोप बरणीत पाण्याखाली ठेवलं. चार दिवसांत पानं काचेसारखी पारदर्शक होत, मग तपकिरी, मग बुळबुळीत. सडका वास सुटला की तिचा धीर सुटे. ती घाईघाईनं रोप बाहेर काढी, पुन्हा चिखलात लावी आणि पेटीचं झाकण घट्ट दाबून बसे. त्यात एका उन्हाळ्यात वीज गेली, पंखे थांबले, बुरशी पसरली आणि तिच्या तीन पेट्यांतली एकच वाचली. मग तर बरणीचा खेळही बंद. जगात शेवटचं उरलेलं काही आपल्या मागच्या खोलीत असेल, तर त्याच्याशी खेळायचं धाडस कोण करील?

त्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडला, म्हातारे आठवून आठवून थकले इतका. नौरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या, आधी गोश्तास्पचा फोन आला. या वेळी त्यानं कोबीचं विचारलं नाही. म्हणाला, "झरा चालू झालाय," आणि फोन ठेवून दिला.

सगळे जाऊन पाहून आले. पाणी खरोखर होतं, स्वच्छ, गार, तळाची लाल माती दिसावी असं. तळ मात्र उघडाबोडका. सियामक म्हणाला, "मग आण तुझी पेटी. आता कशाची वाट पाहतेस?"

"पुढच्या वर्षी. पाणी टिकतंय का ते पाहू दे."

"तुझं पुढचं वर्ष येतच नाही, बाई."

त्याचं खरं होतं. तिची छातीच होत नव्हती.

नौरोजला सियामकची आत्या, अम्मे तूबा, झीबा या मुलीला घेऊन राहायला आली. बाई मोठी कामाची. आल्या दिवसापासून घर हातात घेतलं, पडदे धुतले, जावयासारखा बसून राहतो म्हणून सियामकलाही फैलावर घेतलं. सणाच्या मेजावरचा सब्जे, म्हणजे ताटात उगवलेला मसूर, पिवळा पडून वास मारू लागला होता. तो तिनं उचलून कचऱ्यात टाकला आणि नंतर तिच्याच लक्षात आलं की तेरशीला वाहत्या पाण्यात सोडायचं काय? नौरोजच्या तेरशीला सगळं गाव घराबाहेर पडतं, आणि वर्षाची इडापिडा घेऊन घरातला सब्जे पाण्यात जातो. तो नसेल तर पिडा घरातच राहायची. अम्मे घरभर हिंडली. मागच्या खोलीत तिला काचेखाली हिरवागार, टवटवीत, चौकोनी गालिचा दिसला. झाडांचं वेड असलेली सून, तिनं या वर्षी सब्जे काचेत उगवला असणार. किती हौशी आहे, असं ती कौतुकानं मुलीला म्हणालीसुद्धा.

गोलंदाम तेव्हा स्वयंपाकघरात सहलीचं आश, शेवया-पालेभाजीचं दाट सार, पातेल्यात भरत होती. अम्मे पहिल्या गाडीतून बुनारला पुढे गेली, गोलंदाम पातेलं मांडीवर घेऊन मागच्या गाडीतून. झऱ्यावर पोचली तेव्हा सतरंज्या पसरल्या होत्या, चहाचा समोवार उकळत होता आणि अम्मे तूबा हात पुसत होती.

"सुने, तुझा सब्जे सोडला गं मी. लग्न लवकर जमावं म्हणून माझ्या झीबानं पानांना गाठ मारायला घेतली, तर पानं आखूड, गाठच बसेना. मग तसाच सोडला. पुढच्या वर्षी जरा लांब होऊ दे."

"कुठला सब्जे?" गोलंदामनं विचारलं. आणि विचारतानाच तिला कळलं.

ती पातेलं ठेवून धावली. झऱ्याच्या तोंडाखाली पाणी अरुंद दगडांमधून जातं, तिथे मुळ्यांचा तो अख्खा गालिचा उलटासुलटा होऊन अडकला होता. हात घातला असता तर निघाला असता. तिनं अस्तन्या वर केल्या तोच चारी बाजूंनी बायका धावल्या. सोडलेला सब्जे परत घ्यायचा नसतो, घराचं वाटोळं होतं, तुझ्या नवऱ्याचा विचार कर. अम्मेचा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळ्यांत घट्ट दंड धरला तो तिच्या वडिलांनी.

"सोडलेलं परत घेत नाहीत, गोलंदामजान."

"तुम्हाला काय! तुमच्या लेखी ती कोबीच होती," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर रडली. त्या दिवशी आश कुणाच्या घशाखाली नीट उतरलं नाही.

आठवड्यानं ती बादली घेऊन एकटीच गेली. काय व्हायचं ते होवो, वाटोळं तर झालंच आहे, असं ठरवून गेली. पण उशीर झाला होता. दगडांमध्ये पानांचा नुसता तपकिरी लगदा होता, बोट लावताच विरघळला. तोच वास. बरणीतून येई तोच. ती घरी आली, पेटीतली माती उपसली, काच घासूनपुसून गच्चीवर उन्हात उलटी घातली. सियामकनं फवाऱ्याची बाटली गुपचूप दुकानात परत नेली. मागच्या खोलीची हवा आता बाकीच्या घरासारखीच झाली, कोरडी. गोलंदाम तिकडे फिरकेना.

गुलाब फुलून गेले, जर्दाळू पिकू लागले, तेव्हा वडिलांचा फोन आला.

"ये."

"का?"

"ये म्हणतो ना."

"बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? ये."

तो झऱ्यावर दगडाला टेकून बसला होता. काठीनं त्यानं नुसतं पाण्याकडे दाखवलं. गोलंदाम वाकली. आधी तिला फक्त ऊन दिसलं, पाण्यात हलणारं. मग ऊन सरकलं आणि तळ दिसला.

हातभर लांब पाती होती. पातळ, उजेड आरपार जाईल अशी, एका अंगाला विंचरल्यासारखी. प्रवाह जसा वळे तशी वळत होती, सैल होत होती, पुन्हा ताणली जात होती. अडकलेल्या गालिच्यापासून धावत्या मुळ्या निघून पुढे, खालच्या डोहापर्यंत, रोपामागून रोप उभं होतं. जिथे तिनं लगद्यात बोट घातलं होतं तिथेच सगळ्यांत दाट. कान एकही नव्हता. गोलंदाम पालथीच झाली, पोटाखालचे खडे टोचत असताना, आणि पाण्याला नाक लागेल इतकी खाली वाकली. दहा-अकरा वर्षं जे तिनं रोज पाहिलं, शिंपलं, पुसलं, त्यातलं काहीच इथे नव्हतं. आणि तरी हे तेच होतं. हवेत एक अंग, पाण्यात दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये मरणासारखी दिसणारी ती सड. त्या सडीपाशीच ती दर वेळी घाबरून हात घालत आली होती. सडत होतं ते पान होतं, मुळी आत शांतपणे नवं पातं घडवत होती. एवढीशी मुळी, आणि तिला दोन जन्म ठाऊक.

"हीच," मागून गोश्तास्प म्हणाला. "तुझ्या पेटीत हीच होती. मी चुकलो."

गोलंदाम उठून बसली. तेव्हा तिचं लक्ष गेलं, गालिच्याच्या कडेवर चार मोठे दगड नीट रचून ठेवले होते. असे दगड पाणी रचत नाही.

"हे कुणी ठेवले?"

"मीच. त्या दिवशी तुम्ही सगळे गेल्यावर."

"तुम्ही तर कोबी म्हणत होतात."

"म्हणत होतो. म्हणून काय वाहून जाऊ द्यायची? तू इतकी वर्षं जपलीस ती." मग म्हणाला, "रोज येत होतो. बकऱ्या हाकलत होतो. पहिलं पातं दिसलं तेव्हा तुला कळवणार होतो, पण भीती वाटली, जाईल म्हणून."

मग म्हातारा उठला, जोडे काढले आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला. काठाच्या खडकावर पाण्याची जुनी रेघ होती, पाण्याच्या वर चार बोटं. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला.

"उतरतंय," तो म्हणाला. "हा उन्हाळा काढेल. पुढचा काढेल का, मला सांगता येत नाही. जन्मभर मी या पाण्याची वाटणी केली. सगळं गाव माझ्या शब्दावर पाट फोडायचं आणि बांधायचं. पण एक थेंब मला राखून ठेवता आला नाही. तू ठेवलास." तो वाकला, मुळीसकट एक जुडगा सावकाश सोडवला. "पेटी आहे ना अजून?"

"गच्चीवर उलटी पडलीय. पण बाबा, सोडलेलं परत घेत नाहीत ना?"

"तेरशीला सोडलं ते सडून गेलं. यातलं एक पानही त्यातलं नाही. हे झऱ्याचं आहे, आणि झऱ्याचं कुणाला द्यायचं ते मी ठरवतो."

तिनं डोक्यावरचा रुमाल काढून पाण्यात बुडवला, जुडगा त्यात गुंडाळला. त्या हवेत ओलं काही फार वेळ टिकत नाही, म्हणून दोघं गाडीकडे जवळजवळ पळतच निघाली. म्हातारा अनवाणीच, ओंजळीत पाणी घेऊन, वाटेत पुन्हा पुन्हा रुमालावर शिंपडत. गाडी सुरू झाली तरी तो खिडकीत वाकून तिला सांगत होता, झाकण घट्ट लाव.