पोर्टलेनीच्या भिंतीतला ड्रमगार्वचा दरवाजा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, आणि पाहिलं असेल तरी माझ्याकडे लक्ष दिलं नसेल. फुटबॉलच्या मैदानाच्या भिंतीत बसवलेला मी एक जुना फिरता दरवाजा आहे. जेमतेम एक माणूस जाईल एवढी माझी रुंदी. मधोमध लोखंडी खांब आणि त्याला आडवे दांडे. शेजारच्या खोपटात बसलेला माणूस पैसे घेतो, पायाखालचा खटका दाबतो, मग तुम्ही दांडा पोटाने ढकलायचा आणि आत जायचं. माझा दांडा पोटाला लागल्याशिवाय कुणी आत जात नाही. म्हणजे मोठं माणूस तरी नाही. पोरांचं वेगळं, ते पुढे सांगतो.

माझा जन्म क्लाइड नदीकाठच्या एका ओतीव लोखंडाच्या कारखान्यात झाला. कारागीर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा शंभर वर्षं हलायचा नाही!" मला कोण आनंद झाला! शंभर वर्षं न हलणं म्हणजे काय, हे कळायची अक्कल तेव्हा मला कुठे होती? मला उत्तरेला ड्रमगार्व गावी नेलं आणि मैदानाच्या भिंतीत विटाचुन्यात पक्कं चिणलं. तोंड गल्लीकडे, पाठ मैदानाकडे.

खरं सांगतो, सगळा जन्म मैदानावर गेला, पण मी एकही सामना पाहिलेला नाही. मला दिसायची ती समोरची, मासे धुरी देऊन टिकवायची वखार. मागून हजारो माणसांची गर्जना उठायची, माझे दांडे थरथरायचे, आणि मी आपला वखारीच्या विटा बघत उभा! जत्रेला जाऊन देवळाबाहेर चपला राखाव्यात, तसली गत. बरं, पळून जाईन म्हटलं तर कंबरेपर्यंत चुन्यात रुतलेला.

आता पोरांचं सांगतो. शनिवारी, म्हणजे सामन्याच्या दिवशी, खिशात दमडी नसलेली पोरं गल्लीत घुटमळायची. येणाऱ्या कुणाही अनोळखी माणसाची बाही ओढून म्हणायची, "ओ काका, उचला की!" काका पोराच्या काखेत हात घालायचा आणि माझ्या दांड्यांवरून अलगद पलीकडे उतरवायचा. खटक्यावरच्या माणसाने त्या वेळी छताकडे बघायचं. ही आमच्याकडची रीत होती आणि ती कुणी मोडत नसे.

खटक्यावर तेव्हा ॲलिक मॅकरॉबी बसायचा. माणूस सरळ, पण फार कडक. त्याची लेक नेटा म्हणायची, "बाबा, मला सोडा ना आत." तो म्हणायचा, "आणि उद्या गाव काय म्हणेल? ॲलिकने घरच्यांना दार मोकळं टाकलंय?" मग नेटा इतर पोरांसारखी गल्लीत जायची, कुणाची तरी बाही ओढायची, आणि बापाच्या डोळ्यांदेखत माझ्यावरून पलीकडे जायची. ॲलिक छत निरखत बसायचा. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, एक कोळ्याचं जाळं होतं.

ॲलिकच्या मागे नेटाच खटक्यावर बसू लागली. दर शुक्रवारी मला तेल घालायची, आमच्या क्लबच्या मरून रंगाचा पोपडा उडाला की कुंचला घेऊन यायची. बिचारी खोपटात अडकलेली, मी भिंतीत. सामना दोघांनाही दिसत नसे. आवाजावरून आम्ही ओळखायचो, गोल कुणाचा झाला ते. गर्दीच्या दिवशी लोक म्हणायचे, "नेटा, तुझा दरवाजा लोण्यासारखा फिरतो गं!" तेव्हा आम्हा दोघांची छाती फुगायची.

मग एका वर्षी लीगवाल्यांनी सगळी रचना बदलायला काढली. विभाग वाढवले, दोन नव्या जागा निघाल्या, आणि खाडीपलीकडच्या पोर्टलेनीने अर्ज केला. आमचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य! जुन्या क्लबांनी मतं द्यायची होती. आमचे अध्यक्ष माझ्या दांड्यावर रेलून नेटाला म्हणाले, "एका मताने पडले! आणि ते मत माझं. बसू दे त्या पिवळ्या जर्सीवाल्यांना गावच्या स्पर्धेत."

"बरं झालं साहेब," नेटा म्हणाली. "गांधीलमाश्यांना घरात घेतं का कुणी?"

मित्रांनो, दिवस कुणाचे सारखे राहतात? पुढे आमचाच क्लब दिवाळखोरीत गेला. एका सकाळी मैदानाला कुलूप लागलं आणि माझ्या दांड्यांना साखळी. गल्ली ओस पडली. पावसाने मी गंजलो. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही, एक नेटा सोडून. खोपटाची किल्ली तिच्याकडेच राहिली होती. शनिवार आला की ती चहाचा थर्मास आणि छोटा रेडिओ घेऊन यायची आणि खटक्यावर पाय ठेवून बसायची. "घरी करमत नाही रे," म्हणायची. मी फिरायला बघायचो, पण साखळी!

अशाच एका शनिवारी रेडिओवर बातमी आली. लीगमधल्या आमच्या रिकाम्या जागेसाठी पाच क्लब पुढे आले होते. प्रत्येकाने आपली बाजू मांडली, उरलेल्या क्लबांनी मतं दिली, आणि जागा मिळाली पोर्टलेनीला.

नेटा तरातरा बाहेर गेली. वखारीच्या दारात उभ्या माणसांसमोर ओरडली, "ऐका रे सगळे! पोर्टलेनीच्या दरवाजाचा दांडा माझ्या पोटाला लागला, तर मला ॲलिक मॅकरॉबीची लेक म्हणू नका!" संध्याकाळपर्यंत ही शपथ खाडीच्या दोन्ही तीरांवर पसरली. मग परत येऊन ती खोपटात एकटीच रडली. मला रडताही येईना.

आता नशिबाचा खेळ बघा. लीगच्या नियमाप्रमाणे पोर्टलेनीच्या मैदानाला दरवाजे कमी पडले, आणि आमच्या सामानाच्या लिलावातून त्यांनी मला उचललं! भिंत फोडून मला बाहेर काढलं तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. गाडीत उताणा पडून मी खाडीवरचा पूल ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा एवढं आभाळ दिसलं. तेवढीच काय ती मोकळीक. पलीकडे पोचताच मला नव्या भिंतीत चिणलं. तोंड गल्लीकडे, पाठ मैदानाकडे. समोर होड्यांची शेड. आणि अंगावर पिवळाधमक रंग! आगीतून फुफाट्यात, दुसरं काय?

माझ्या खटक्यावर आता डॉड लम्सडेन बसतो. माणूस वाईट नाही, फक्त तेल घालायचं विसरतो.

पहिल्याच सामन्याला गल्लीच्या पलीकडे मला नेटा दिसली. केस पांढरे, कोटाखाली मरून रंगाचा मफलर. ती आत आली नाही. शेडच्या भिंतीला टेकून नुसता आवाज ऐकत राहिली. पुढच्या सामन्यालाही तेच. येणारे-जाणारे टोमणे मारायचे, "काय नेटाबाई, वास घ्यायला आलात का?"

"मासळीचा घेतेय," ती म्हणायची. "तुमच्या खेळाचा नुसता कुजका येतो."

पण तिचे डोळे माझ्यावर असायचे. तिला आत यायचं होतं, मित्रांनो. तिला शनिवार हवा होता. आणि मी, तिने तेल घालून जपलेला मी, तिच्याच वाटेत आडवा उभा होतो. असला तुरुंग वैऱ्यालाही नको.

हिवाळ्यात एके दिवशी ती सरळ माझ्यापाशी आली. किल्लीच्या टोकाने तिने दांड्यावरचा रंग खरवडला. खालून मरून रंग दिसला.

"अहो बाई, रंग ताजा आहे!" डॉड ओरडला.

"वरचा ताजा असेल. खालचा माझ्या हातचा आहे."

डॉड जरा ओशाळला. "मग या की आत. दरवाजा तुमचाच आहे."

"भिंत तुमची आहे. चार माणसांत शपथ घेतलीय मी."

"इथे कुणाला कळतंय?"

"मला," ती म्हणाली.

तेवढ्यात मागून मोठा कल्लोळ उठला. नेटाने मान उंचावली. "गोल?"

"मला काय दिसतंय इथून!"

"हं! मलाही खटक्यावरून कधी दिसलं नाही." ती हसली, पण तिचे डोळे भरून आले. ती तशीच उभी राहिली. मागे जाववेना, पुढे येववेना. माझी तर काय, जन्मभर तीच गत.

उशिरा आलेले दोन धिप्पाड मासेवाले मागे खोळंबले होते. त्यांच्या गळ्यात पिवळे मफलर. नेटाने खिडकीत तिकिटाचे पैसे ठेवले. "फुकट नको मला," म्हणाली. मग वळली आणि त्यातल्या एका, लेकाच्या वयाच्या बाप्याची बाही ओढली.

"ओ काका, उचला की!"

खोपटाच्या भिंतीवर लीगची पाटी होती, मुलांना उचलून आत नेण्यास सक्त मनाई. मासेवाल्यांनी पाटीकडे पाहिलं, मग डॉडकडे पाहिलं.

डॉड छताकडे बघत होता.

"सांभाळून रे! मी काही माशाची टोपली नाही!"

"टोपली हलकी असते, बाई. खिम्याचे पॅटिस जरा कमी खा!"

माझ्या दांड्यांवरून तिचे जुने बूट गेले, कोटाची किनार गेली. दांडा पोटाला लागला नाही. मी श्वास रोखून उभा होतो. पलीकडे तिची पावलं टेकली आणि धावत पायऱ्या चढून गेली. त्या वयात धावत!

थोड्या वेळाने मागून आरडाओरडा ऐकू आला, आणि त्यात एक ओळखीचा घोगरा आवाज: "ए शिट्टीवाल्या, डोळे घरी विसरलास काय? ढकललं की आमच्या पोराला!"

आमच्या पोराला, मित्रांनो!

मी अजून भिंतीतच आहे. सामना काही पाहिलेला नाही, आता पाहीन असंही वाटत नाही. मागणं एवढंच, की माझ्यासारख्या जुन्या लोखंडाला अधूनमधून दोन थेंब तेल घाला, फार बरं वाटतं. आणि दाराबाहेर कुणी स्वतःच्याच शब्दात अडकून उभं दिसलं, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. दोघं मिळून त्याला उचला. आणि तुम्ही खटक्यावर बसला असाल, तर छताकडे बघा.