एकाच बरणीतल्या गोळ्या

गोळ्या एकत्र करायची अक्कल सुगंधाची. तेव्हा घरात तिचं केवढं कौतुक झालं होतं! आता ते आठवलं की तिला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

घाटकोपरला भटवाडीत, डोंगराच्या उतारावरच्या चाळीत तिचा नवरा दत्ताराम आणि शेजारच्या खोलीतला काशीराम हे एकाच गावचे. दोघांनी एकाच गिरणीत जन्म काढला, ब्याऐंशीच्या संपात दोघे एकदमच घरी बसले आणि वर्षभराच्या अंतरानं दोघांनाही हार्ट अटॅक आला. त्यातसुद्धा बरोबरी सोडली नाही मेल्यांनी! इस्पितळात तेव्हा हृदयविकारावरच्या एका नव्या औषधाचं संशोधन चाललं होतं. दोघांनी त्यात नाव घातलं.

तिथल्या वसुधा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं. निम्म्या पेशंटांच्या बाटलीत खरं औषध, निम्म्यांच्या बाटलीत हुबेहूब तशीच गोळी, पण आत औषध नाही. कोणाला काय मिळालं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. यादी संशोधन संपेपर्यंत बंद पाकिटात राहणार होती. रोज एक गोळी घ्यायची आणि महिन्यानं बाटली परत आणून दाखवायची, एवढंच काम.

घरी आल्यावर दत्ताराम बाटलीकडे बघत बसला. "आणि माझी खोटी असली तर गो?"

सुगंधानं लोणच्याची धुतलेली बरणी काढली, दोघांच्या बाटल्या तीत रिकाम्या केल्या आणि बरणी खडखडा हलवली.

"आता घेवा दोघांनी हेतलीच रोज एक. दोघांत एक तरी बाटली खरी आसतलीच. अर्धा-अर्धा औषद दोघांच्याय पोटात जायत."

गावाहून एसटीनं आलेला फणस दोन्ही घरांत वाटल्याशिवाय तोंडाला न लावणारी ही माणसं. त्यांना यात वावगं काय वाटणार? काशीरामच्या तर डोळ्यांत पाणी आलं. दर महिन्याला बरणी भरली जाई, रिकाम्या बाटल्या इस्पितळात जात आणि वसुधा डॉक्टर म्हणत, "तुमच्यासारखे पेशंट हवेत!"

सव्वा वर्षानं, श्रावणात, नळावरून पाणी आणताना दत्ताराम पायरीवर टेकला तो उठलाच नाही. त्या महिन्याच्या गोळ्या बरणीत नुकत्याच पडल्या होत्या. काशीरामनं आपल्या वाट्याच्या मोजून संपवल्या, मग आपल्या नव्या बाटलीतल्या घेऊ लागला. दत्तारामच्या वाट्याच्या सत्तावीस बरणीत तशाच राहिल्या. त्या टाकायला सुगंधाचा हात धजेना.

पौषात संशोधन संपलं, पाकीट उघडलं. वसुधा डॉक्टरांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं.

"तुमच्या मिस्टरांना खरं औषध होतं, बाई. तुमच्या मनाला रुखरुख नको, म्हणून सांगते." मग त्या वहीकडे बघत पुटपुटल्या, "इतकं नियमानं घेऊनही गेले. औषधाच्या विरुद्धच लिहावं लागणार."

"आणि काशीरामचा काय?"

"त्यांची गोळी रिकामी होती. बघा, तरी आहेत."

सुगंधाला सगळा हिशेब कळला. आपल्या नवऱ्याचं औषध आपणच, आपल्या हातानं, शेजाऱ्याच्या ताटात वाढलं होतं. वहीत खोटं लिहिलं जाणार हेही तिला कळत होतं, पण काही न सांगताच ती उठून निघाली. चाळीचा चढ चढताना तिला काशीरामचा असा राग आला की तो समोर आला असता तर काय बोलली असती कोण जाणे.

तो समोरच होता, तिच्या उंबऱ्यात बसलेला. गेले दोन महिने त्याला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागे.

"काय म्हणाली गो डॉक्टरीण?" त्यानं मान खाली घालूनच विचारलं. "खरा माझ्या बाटलीतला होता ना? दत्तूक माझो अर्धो वाटो तरी गावलो ना?"

खरं सांगावं तर हा माणूस आत्ताच मोडून पडेल. होय म्हणावं, तर दत्तारामचं दान याच्या नावावर जाईल, आणि एवढं मोठं मन सुगंधाकडे त्या दिवशी नव्हतं.

"दोघांच्यातय कायएक नव्हता," ती म्हणाली. "नुसतो खडू."

काशीरामनं मोठा सुस्कारा सोडला. "बरा झाला गो. माका वाटत होता, मी त्याच्या वाट्याचा खाल्लंय." कित्येक महिन्यांनी तो हसला. उठून फळीवरची बरणी त्यानंच काढली. "मगे ह्यो कित्याक ठेवलंस?"

तिनं हात पुढे केला, पण तोवर त्यानं बरणी मोरीत उपडी करून वर तांब्याभर पाणी ओतलं होतं. एवढ्या खटपटीनं त्याला धाप लागली. छातीवर हात ठेवून तो मोरीच्या कट्ट्याला टेकला. त्या गोळ्यांतल्या निम्म्या खऱ्या होत्या आणि अजून पुरत्या विरघळल्या नव्हत्या. सुगंधा बघत उभी राहिली.