कुपवाड्याची रहिवासी

भारतीय राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा अधिकार दिलेला आहे. राहिलो हे पटवून द्यायला मात्र एकनाथरावांकडे जावं लागतं. हैदराबादेत, तारनाक्याजवळच्या वॉर्ड कचेरीत, पंख्याखालचं टेबल.

मेधा तिथे सत्त्याण्णवच्या जूनमध्ये गेली. सरकारी ग्रंथालयात सहायकाची जागा निघाली होती आणि अट होती सलग चार वर्षं शहरात राहिल्याच्या दाखल्याची. पुढच्या भरतीत तिचं वय बसणार नव्हतं. ती पाच वर्षं एकाच भाड्याच्या घरात राहत होती. नवरा हर्षद फौजेत सुभेदार. तेवढ्या काळात त्याची तीन ठाणी बदलली, सध्याचं कुपवाडा.

एकनाथरावांनी अर्ज दोनदा वाचला. बायको नवऱ्याच्या पत्त्यावर राहते असं कचेरी धरून चालते, हे त्यांनी मायेने समजावलं. "मेधाताई, तुमचे मिस्टर कुपवाड्याला. म्हणजे तुम्हीही कुपवाड्याच्या झालात की. आता मी काय करू?"

"कुपवाड्याला पत्र टाका. तिथे मला कुणी पाहिलंय का विचारा."

रेशनकार्ड नव्हतं, किराणा फौजेच्या कॅन्टीनमधून यायचा. भाडेपट्टा हर्षदच्या नावावर. मग फौजेतल्या एखाद्या साहेबाचं पत्र आणा, असं एकनाथरावांनी सुचवलं. मी कुठे राहते हे सांगायला मला साहेब लागत नाही, असं म्हणून मेधा घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती पाच कागद घेऊन आली. घरासमोरच्या खांबावरचा दिवा बंद असल्याची तक्रार ती दरवर्षी करत असे, आणि दरवर्षी याच टेबलावरून उत्तर येई, शब्दही तेच: प्रत्यक्ष पाहणी केली, अर्जदार सदर पत्त्यावर राहत असल्याचे आढळले, दिव्याचे काम लवकरच हाती घेऊ. खाली एकनाथरावांची सही.

एकनाथराव त्या गल्लीत कधी फिरकलेच नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"ही पाहणी खोटी आहे असं लिहून द्या," मेधा म्हणाली. "मी आजच कुपवाड्याची गाडी पकडते."

एकनाथरावांनी पाचही कागदांवरच्या आपल्या सह्या तपासल्या. "आम्हाला अगदीच हौला, बावळट समजू नका, ताई," एवढं म्हणून त्यांनी शिक्का उचलला.

दाखला गुरुवारी मिळाला, अर्ज शुक्रवारी पोचला. सोमवारी भरती रद्द झाली. माणसांऐवजी ग्रंथालयात संगणक बसवायचं ठरलं होतं. संगणक सिंगापूरचे होते.