सुईणीची गल्ली

नगरपालिकेच्या दप्तरखान्यात बावीस वर्षं फायली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे फाईलबाईच म्हणत. एका सकाळी नगरसेवक त्यांच्यासमोर येऊन बसले. एका वाकड्या गल्लीला त्यांना आपल्या दिवंगत सासऱ्यांचं नाव द्यायचं होतं.

“बाई, गल्लीचा इतिहास काढा. त्यात सासरे कुठे बसतात ते बघा.”

“आणि नाही बसले तर?”

“बसवा! माझ्या घरात शांतता नांदू दे की हो.”

बाईंनी पदर खोचून जुनी फाईल शोधली. तीत सासरे नव्हतेच. होती एक सुईण. रस्ता सरळ तिच्या घरावरून जायचा होता. इंजिनियर घर पाडायला आला तेव्हा आत एक बाळंतीण अडली होती. सुईण दारात उभी राहून म्हणाली, “मूल बाहेर येईपर्यंत पहार आत येणार नाही.” इंजिनियर दुपारभर दगडावर बसून राहिला. आतून रडणं ऐकू आलं तसा उठला आणि नकाशात रस्ताच घराला वळसा घालून नेला. खाली शेरा मारला: ‘सुईणीपुढे इलाज चालला नाही.’

बाईंचे डोळे पाणावले. आपल्या खात्यात एकदा तरी कुणी कुणाचं ऐकलं होतं! त्यांनी तो कागद सभेत वाचून दाखवला.

सभागृह घटकाभर गहिवरलं. मग नगरसेवकांनी विचारलं, “नाव काय तिचं?”

“लिहिलेलं नाही. नुसतंच सुईण.”

“मग बिननावाच्या बाईचं नाव कसं देणार?”

बाकं वाजली. विरोधकांनीही वाजवली, पुढच्या चौकासाठी त्यांचे काका रांगेत होते.

बाई ठराव लिहायला बसल्या. त्यात ‘पूर्वीचे नाव’ असा रकाना होता, आणि ते पाटीवर कंसात यायलाच हवं, असा नियम. बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘सुईणीची गल्ली’. न वाचता सह्या झाल्या.

सासऱ्यांचं नाव पदव्यांसकट साडेतीन ओळी भरलं. तेवढं म्हणता म्हणता रिक्षावाल्यांना धाप लागे. महिन्याभरात जो तो ‘सुईणीची गल्ली’च म्हणू लागला.

नगरसेवकांची बायको तणतणत आली. “आमच्या बाबांच्या पाटीवर ही कोण सुईण?”

बाईंनी फाईल पुढे केली. तिने ती उभ्यानेच वाचली आणि खुर्ची ओढून बसली. “बाबा त्याच गल्लीत जन्मले हो! म्हणजे ते मूल आमचे बाबाच!”

कागदावरचं साल बाबांच्या जन्माच्या चाळीस वर्षं आधीचं होतं. बाईंनी त्यावर अलगद अंगठा ठेवला.

“असतीलही,” त्या म्हणाल्या.

“मग कंसातलं नाव जरा मोठ्या अक्षरात काढायला सांगा.”