रानरेड्याच्या मापाचं काडतूस

मित्रांनो, मी एक जुनं, रिकामं काडतूस आहे. तुमच्या मधल्या बोटाएवढी माझी उंची, अंग पितळेचं आणि बुडावर गोळीच्या मापाचा आकडा कोरलेला: तीनशे पंचाहत्तर. सध्या मी एका सीलबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिंगापूरच्या एका पोलीस ठाण्यातल्या कपाटात आहे. कपाट उघडल्याचा आवाज आला की मी पिशवीच्या कोपऱ्यात दडायला बघतो. हसू नका. काडतूसही घाबरतं. मी तर जन्मापासूनच घाबरट आहे.

कारखान्यात पितळेची एक चकती दाबून, ओढून, तापवून मला घडवलं. मग पोटात दारू भरली, तोंडात गोळी बसवली आणि माझ्यासारख्याच एकोणीस भावंडांबरोबर मला खोक्यात उभं केलं. आफ्रिकेतल्या नामिबिया देशात एका दुकानाच्या फळीवर आम्ही बरेच दिवस होतो. येणारा प्रत्येक जण खोकं उघडायचा, आमच्यातल्या एकाला तळहातावर घेऊन वजन अजमावायचा आणि म्हणायचा, "वा! काय धूड आहे!" शेजारच्या खोक्यातल्या बारक्या काडतुसांकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. भावंडं फुशारून जायची. मला मात्र एकच विचार छळायचा. मी रानरेड्यासाठी बनलोय. रानरेडा म्हणजे सात-आठशे किलोचं जनावर. एवढं बळ माझ्यात कोंडून ठेवलंय ते चुकीच्या जागी सुटलं तर?

आणि झालं तसंच. शिकारीसाठी जनावरं राखणाऱ्या एका शेतमालकाने आमचं खोकं विकत घेतलं. तिथे एकदा ऑफिसच्या कामासाठी आलेली पाच-सहा मंडळी पाहुणी म्हणून आली. त्यांतले एक सुबोध. मूळचे पुण्याचे, सिंगापूरच्या आयटी कंपनीत मॅनेजर. त्यांनी जन्मात कधी बंदूक धरलेली नव्हती. सकाळी सरावाला एका पुठ्ठ्यावर माझा एक भाऊ झाडला, तेव्हा बंदुकीने त्यांच्या खांद्याला असा दणका दिला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते गॉगलमागे लपवलं.

शिकार करायची होती ती स्प्रिंगबकची. स्प्रिंगबक म्हणजे हरणासारखा, पस्तीस-चाळीस किलोचा नाजूक प्राणी. माग काढणारे तोबियास नावाचे म्हातारे गृहस्थ बरोबर होते. ते मालकाला हळूच म्हणाले, "यांना माझी लहान बंदूक द्या. ही मोठी यांना झेपणार नाही. सकाळी पाहिलंत ना?"

मालक हसला. "अरे, मोठी गोळी म्हणजे दयेची गोळी. जनावर जागीच पडतं, त्याला कळतसुद्धा नाही."

तोबियासनी तरीही आपली बंदूक सुबोधसमोर धरली. ऑफिसची मंडळी मागे उभी होती. एकाने फोन वर करून चित्रीकरण सुरू केलं होतं. सुबोध म्हणाले, "नको नको, हीच चालेल."

मित्रांनो, बंदुकीच्या पोटात किती अंधार असतो म्हणून सांगू! मला बाहेरचं दिसत नव्हतं, पण पितळेतून सगळं कळत होतं. बंदूक थरथरत होती. सुबोधचा श्वास तुटत होता. प्राणी कुठे आहे याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. खांद्याला बसणाऱ्या दणक्याचीच ते वाट पाहत होते. मी मनातल्या मनात ओरडत होतो, नका, झाडू नका. चाप ओढायच्या क्षणी त्यांनी अंग आक्रसलं, बंदूक झुकली आणि माझ्या तोंडातली गोळी सुटली.

ती पोटाला लागली. स्प्रिंगबक पडला, उठला आणि झुडपांत दिसेनासा झाला.

मी उडून वाळूत पडलो होतो, भाजत होतो. सुबोधनी मला उचललं आणि खिशात टाकलं. मग भर उन्हात तोबियासच्या मागून ते चालत राहिले. सगळा वेळ त्यांची मूठ माझ्याभोवती आवळलेली होती आणि घामाने चिंब होती. मध्येच तोबियास थांबायचे, वाळूतलं रक्त बघायचे आणि पुढे निघायचे. शेवटी एका खडकाआड त्यांच्या लहान बंदुकीचा बारीकसा आवाज झाला. माझ्या आवाजाच्या पावपटही नसेल. त्या आवाजाने काम संपलं.

फोटोत मात्र सुबोधच हसत बसलेले आहेत.

त्यांनी मला मोज्यात गुंडाळून बॅगेत घातलं आणि सिंगापूरला आणलं. तिथल्या पासिर रिस भागात, बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीखालच्या फळीवर माझी स्थापना झाली. तीन वर्षं मी तिथे होतो. पाहुणे यायचे, मला हातात घ्यायचे, "वा!" म्हणायचे आणि सुबोध सांगायचे, "एका गोळीत! जागच्या जागी!" दर खेपेला तो स्प्रिंगबक थोडा मोठा आणि थोडा लांबचा होत असे. स्मिताताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, विद्यापीठात संशोधन करतात. त्या दर शनिवारी माझ्यावरची धूळ पुसायच्या. त्यांना शिकार आवडत नसे, पण त्या म्हणायच्या, "निदान त्याला त्रास तरी झाला नाही." ते ऐकलं की सुबोध उठून पाणी प्यायला जायचे.

मग यंदाची खंडेनवमी आली. स्मिताताईंनी चौरंगावर लॅपटॉप, पकड, पाना, शिवणाची कात्री आणि प्रयोगशाळेतली एक नळी मांडली. सेरंगूनच्या भारतीय बाजारातून झेंडू आणले होते. मांडामांड झाल्यावर त्यांची नजर माझ्यावर पडली. "हे पण शस्त्रच की," असं म्हणत त्यांनी मलाही मध्ये उभं केलं आणि हळदकुंकू लावलं. जन्मात पहिल्यांदा माझी पूजा झाली. मी इतका संकोचलो की भीतीसुद्धा विसरलो. त्यांनी फोटो काढून 'पासिर रिस मराठी परिवार' या ग्रुपवर टाकला.

दहाच मिनिटांत दारावर धडधड झाली. आले होते पलीकडच्या पुंगोल भागात राहणारे, त्याच ग्रुपवरचे शिरीष. ते रानडुकरांवर संशोधन करतात. त्या सकाळी कामासाठी ते जवळच्याच बागेत होते.

"स्मिता, आधी तो फोटो काढ ग्रुपवरून," ते धापा टाकत म्हणाले. "परवानगीशिवाय रिकामं काडतूस ठेवणंही इथे गुन्हा आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

स्मिताताईंच्या हातातली निरांजनाची ताटली कलंडली. "पण ते रिकामं आहे रे!"

"रिकामं असलं तरी."

शिरीषनी मला हात लावला नाही. वाकून नुसता बुडावरचा आकडा वाचला. "तीनशे पंचाहत्तर? सुबोध, स्प्रिंगबकला हे? अरे, शंभर किलोच्या डुकरालाही एवढं लागत नाही."

"मोठी गोळी दयेची असते," सुबोध म्हणाले. आवाज त्यांचाच होता, वाक्य मालकाचं होतं.

"नेम लागला तर! झाडणाराच बंदुकीला घाबरला, तर कितीही मोठी गोळी असू दे, ती पोटात लागते."

सुबोध खाली बसले. मग एकदम म्हणाले, "कचरा खाली टाकायच्या चुटमध्ये टाकून देऊ. कचऱ्याबरोबर जाईल."

"आणि सफाईवाल्याच्या हाती लागलं तर?" स्मिताताई म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याची चौकशी होईल. नाही. आपण पोलिसांना फोन करायचा."

"इथे नोकरी करायचा पास गेला तर? महिनाभरात गाशा गुंडाळावा लागेल, स्मिता. तुझं संशोधन, घर, सगळं..."

"माहितीये मला." आणि फोन त्यांनीच लावला.

वाट पाहण्याचा तो अर्धा तास मी कधीही विसरणार नाही. लिफ्ट थांबल्याचा आवाज झाला की तिघंही दाराकडे बघायचे. अखेर दोन अधिकारी आले. त्यांतल्या बाईंनी हातमोजे घालून मला उचललं, माझ्या अंगावरचं कुंकू पाहिलं आणि विचारलं, "सर, व्हॉट इज धिस रेड थिंग?" स्मिताताईंनी पूजेचं समजावून सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. कुठून आणलं, कधी आणलं, कुणी झाडलं, कशावर.

"स्प्रिंगबक. वन शॉट..." सुबोध सवयीने सुरू झाले आणि थांबले.

"टेक युअर टाइम, सर."

मग सुबोध सगळं बोलले. खांद्याचा दणका, मिटलेले डोळे, पोटाला लागलेली गोळी, म्हाताऱ्या तोबियासनी आधीच देऊ केलेली लहान बंदूक. बाई लिहीत होत्या. स्मिताताई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी मराठीतच विचारलं, "किती वेळ जिवंत होता तो?"

"पावणेदोन तास."

"सुबोध, म्हातारबाबा लहान बंदूक देत होते ना? मग का नाही घेतलीस?"

"सगळे बघत होते," सुबोध म्हणाले आणि भरल्या घरात लहान मुलासारखे रडू लागले.

मला पिशवीत घालून सील केलं. निर्णय नंतर कळवू, असं अधिकारी सांगून गेले. तो अजून झालेला नाही. सुबोध आणि स्मिताताईंचं काय होणार, मला वितळवणार की काय करणार, मला ठाऊक नाही आणि भीती वाटते.

मित्रांनो, लहान जिवासाठी माझ्याएवढं काडतूस लागतं का, यावर मोठी माणसं पुष्कळ वाद घालतील. मी त्या वाद घालणाऱ्यांच्या हातात नव्हतो, मी एका घाबरलेल्या माणसाच्या हातात होतो. तुम्हाला न झेपणारं काही कुणी हातात दिलं, तर ते परत करा. "मला भीती वाटते, याहून लहान द्या," एवढंच म्हणा. सगळे बघत असले तरी म्हणा.