गुंड्याच्या वयाचा पुरावा

बावीस वर्षं मी दाखल्यांच्या कचेरीसमोर दुकान चालवते. झेरॉक्स, फोटो आणि लॅमिनेशन. कुठल्या कामाला कुठला कागद लागतो, हे आतल्या कारकुनाआधी लोक मला विचारतात, आणि मी सांगते ते बरोबर निघतं. त्यामुळे धाकट्या भावाच्या पोराला विमानानं न्यायचं ठरलं तेव्हा कागदपत्रं कोण बघणार, हा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात मी म्हणेन ती पूर्व दिशा. हे मी कौतुकानं सांगत नाही, आहे ते सांगते.

भाऊ बोटीवर इंजिनखोलीत आहे. तो गेला आणि महिन्याभरात गुंड्या झाला. आज गुंड्या अकरा महिन्यांचा. बापानं त्याला पाहिलाय तो फोनवर, तेही निम्म्या वेळा हलणाऱ्या चौकटीत. आता बोट एका दिवसासाठी दूरच्या बंदराला लागणार होती. दुपारी एकपासून सहापर्यंत भावाला उतरायची परवानगी, मग पुन्हा आठ महिने पाणीच पाणी. सकाळी अकराचं विमान मिळालं तर भेट, हुकलं तर पोरगं चालायला लागल्यावर बापाला दिसणार. पुढचं विमान संध्याकाळचं, तोवर बोट सुटलेली.

भावजयीचा पाय मोडलेला. जिन्यात घसरली आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून बसली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी दुकानातून थेट तिच्याकडे गेले आणि सांगितलं, "तिकीट काढलंय. मी घेऊन जाते गुंड्याला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं परत."

ती म्हणाली, "बरं, वन्सं."

ती नेहमी एवढंच म्हणते. तीन वर्षं झाली लग्नाला, मला तिचा आवाज धड ओळखू येत नाही.

सकाळी नऊला मी विमानतळावर काउंटरसमोर उभी होते. कडेवर गुंड्या, खांद्याला बाटल्या आणि लंगोटांची पिशवी, पायाशी माझ्या कपड्यांची बॅग, हातात माझी फाइल. फाइल काय होती म्हणून सांगू! माझं ओळखपत्र, तिकीट, आईचं संमतीपत्र, त्यावर सही, आणि गुंड्याचा जन्मदाखला, जाड कागदावर लॅमिनेट केलेला, कडा गोल कापलेल्या. पाण्यात बुडवा, वर दूध सांडा, काही होणार नाही.

काउंटरवरच्या मुलीनं दाखला घेतला. दिव्याखाली धरला, मग अंगठा फिरवला. खालच्या कोपऱ्यावर पुन्हा फिरवला.

"मॅडम, हा चालणार नाही."

"का? नाव चुकलंय?"

"नाव बरोबर आहे. उठावाचा शिक्का हाताला लागत नाही. लॅमिनेट केलेला दाखला आम्हाला घेता येत नाही. मांडीवरच्या बाळासाठी दोन वर्षांच्या आतला असल्याचा पुरावा लागतो."

"अहो, याच्याकडे बघा की! हा काय कॉलेजात जाणारा दिसतो?"

गुंड्यानं त्याच वेळी काउंटरचा पेन तोंडात घातला. मुलगी हसली, पण मान हलवायची थांबली नाही. "मला दिसतंय, मॅडम. पण कागद लागतो."

हे वाक्य! अगदी हेच वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा लोकांना ऐकवते. माझ्याच तोंडची भाषा माझ्याच तोंडावर.

मी भडकले. मी म्हटलं, बावीस वर्षं मी हेच काम करते, अर्ध्या गावाचे दाखले माझ्या मशीनमधून गेलेत, एक परत आला नाही. ती शांतपणे म्हणाली, "परत आले असतील, मॅडम. तुमच्याकडे नसतील आले."

खरं काय ते मला ठाऊक होतं. गरम रुळाखालून कागद गेला की उठावाचा शिक्का इस्त्री केल्यासारखा सपाट होतो. मशीनशी रोज उभी असते, मला माहीत नसेल? माहीत होतं. कुणी विचारत नव्हतं, म्हणून मी सांगत नव्हते. लोक चकचकीत दाखला बघून खूश होत आणि मीही. आणि गुंड्याचा दाखला मशीनमध्ये घालताना भावजय हळूच म्हणाली होती, "वन्सं, हा असाच राहू दे का?" तेव्हा मी म्हटलं होतं, "तुला काय कळतं त्यातलं?"

आता मला कळत होतं. भाऊ बंदरावर उभा राहणार आणि मी चकचकीत दाखला घेऊन घरी जाणार.

"दुसरा काही पुरावा?" मुलीनं विचारलं. तिला माझी दया आली असावी. "लसीकरणाचं कार्ड चालेल. दवाखान्याच्या शिक्क्याचं, मूळ प्रत हवी. मोबाइलवरचा फोटो नाही. दहा दहाला काउंटर बंद होतो."

लसीकरणाचं कार्ड! तेही मी लॅमिनेट करायला मागितलं होतं, तेवढं एकच भावजयीनं दिलं नव्हतं. म्हणाली, पुढच्या लशी कुठे लिहायच्या? मी तिला चिकट म्हटलं होतं, तेही तिच्या तोंडावर.

फोन लावला. नऊ वीस झाले होते.

"अगं, कार्ड हवंय. लसीचं. टॅक्सी मागव, टॅक्सीवाल्याला वर बोलव, त्याच्या हातात दे, त्याला म्हणावं—"

"टॅक्सीवाला वर येणार नाही, वन्सं. मी आणते."

"तू? वेडी आहेस का? तुझा पाय—"

फोन बंद. माझं वाक्य अर्धवट तोडून तिनं फोन ठेवला, असं आजवर कधी झालं नव्हतं.

पुढचा अर्धा तास मी कसा काढला ते मलाच माहीत. गुंड्याला फिरवलं, बाटली दिली, काचेपलीकडची विमानं दाखवली. दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते. देवाचं नाव मी सहसा दुकान उघडताना घेते, तेव्हा मात्र सलग घेतलं.

नऊ बावन्नला ती आली. एका काखेत कुबडी, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात प्लास्टर आणि मागची बाजू पूर्ण धुळीनं माखलेली.

"हे काय झालं?"

"बसून उतरले," ती म्हणाली. धाप लागली होती, पण चेहरा लालबुंद आणि डोळे टवटवीत. "एकेक पायरी. सत्तावन्न आहेत. आजवर मोजल्या नव्हत्या."

गुंड्यानं तिच्याकडे अशी झेप घेतली की माझ्या कडेवरून सुटलाच असता. तिनं गळ्यातल्या पिशवीतून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. कोपरे दुमडलेले, कुठल्या तरी औषधाचा गुलाबी डाग, आणि एकाखाली एक दवाखान्याचे जांभळे शिक्के, तारखा, सह्या. मुलीनं जन्मतारीख बघितली, शिक्के बघितले.

"चालेल."

माझा जीव भांड्यात पडला. मी गुंड्याला घ्यायला हात पुढे केले. भावजयीनं त्याचं नाक पुसलं आणि त्याला माझ्याकडे दिलं.

"निघा, वन्सं, उशीर होईल. आणि त्यांना सांगा..." ती थांबली. "त्यांना म्हणावं..." पुन्हा थांबली. "काही नाही. बरी आहे म्हणून सांगा."

मी तिच्याकडे बघत राहिले. अकरा महिने बापानं पोराला पाहिलं नाही, हे मी सगळ्या गावाला ऐकवलं होतं. वर्षभर हिनंही नवऱ्याला पाहिलं नव्हतं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बारशापासून मनात एकच चित्र होतं: बंदराचं दार, समोर भाऊ, आणि मी त्याच्या हातात त्याचं पोर ठेवतेय. मी. त्याला वाढवलं मी, शाळेत घातलं मी, मग पोरही मीच देणार. खरं सांगायचं तर तिचा पाय मोडला तेव्हा मला वाईट वाटलं, आणि थोडं सोयीचंही वाटलं.

"डॉक्टर काय म्हणाले होते गं? प्रवासाचं?"

"तीन आठवड्यांनी कुबडी घेऊन फिरा म्हणाले. कुठेही. आज चौथा चालू आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तिकीट काढून आला होतात."

मी काउंटरकडे वळले. "पोरी, माझ्या तिकिटावर हिला जाता येईल?"

"नाव बदलता येत नाही, मॅडम. आणि विमान भरलंय."

"मी नाही गेले तर?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. "तुमची जागा सुटेल. समोरच्या खिडकीवर यांच्या नावानं नवीन तिकीट काढावं लागेल. बारा मिनिटं आहेत. यांचं ओळखपत्र आहे?"

भावजयीनं निमूट पिशवीत हात घातला. "म्हटलं, आई कोण असं विचारलं तर जवळ असू दे."

बघा! कागदपत्रांची जाणकार म्हणे मी.

मी धावले. या वयात, या अंगानं, रांगेतल्या दोघांना बाजूला सारून. एकजण बोलला काहीतरी, मी त्याला म्हटलं, भांडण नंतर करू, इथेच आहे मी. तिकीट हातात आलं तेव्हा दहा सात झाले होते. संमतीपत्राची गरज उरली नव्हती. आईच चालली होती, कुणाची संमती घ्यायची? चाकाची खुर्ची आली, भावजय बसली, मांडीवर गुंड्या, पायाशी माझी बॅग.

"वन्सं, यात तुमचे कपडे आहेत."

"घाल ते. माझ्या एका झग्यात तुझ्यासारख्या दोन मावतील, नवरा हसेल तरी."

तिचे डोळे भरले. माझेही भरले, मी लपवले नाहीत. "आणि हे बघ," मी म्हटलं, "जे सांगायचं होतं ते तूच सांग. मला निरोप पोचवता येत नाहीत, मी मध्येच माझं घालते."

खुर्ची गेली. गुंड्या मागे वळून माझ्याकडे बघत होता, तोंडात पुन्हा काउंटरचा पेन.

दुपारी तीनला दुकानात फोन आला. भावाचा.

"ताई, हा मला हातच लावू देत नाही गं! भोकाड पसरलंय नुसतं. मी काय करू?"

"बस खाली. त्याच्याकडे बघू नकोस. येईल आपण होऊन."

"तू का नाही आलीस? ती सांगतच नाहीये. म्हणते, ताईंनाच विचारा."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी आवाज खाली आणला नाही. "माझ्या कागदात खोट निघाली."

"तुझ्या?"

"माझ्या. बावीस वर्षांची."

तो काही बोलणार होता, पण तेवढ्यात तिकडे काहीतरी पडलं, गुंड्याचं रडणं थांबलं आणि भाऊ ओरडला, "अगं, आला! ताई, आला माझ्याकडे, माझा कान धरलाय!" आणि त्याच्यामागून ती हसायला लागली, खळखळून, थांबेचना. एवढ्या मोठ्यानं ती हसते, हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं.