सहाव्या स्टुलावरचं गिऱ्हाईक

अठरा दिवस झाले, दुकानातल्या मागच्या कोळशाच्या शेगडीवरून उतरणाऱ्या सेम्बेई, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, एका अंगाने करपत होत्या. भाजणारे होते कुवानो र्योसाकु, वय वर्षं शहात्तर, आणि त्यातली बावन्न त्याच शेगडीपुढे बसून गेलेली. डोळ्यांनी दगा दिला होता. म्हातारबुवांना त्याचा पत्ता नव्हता, सुनेला मात्र होता. रोज संध्याकाळी चिझुरु करपलेल्या चकत्या निवडून कोठीत न्यायची, आपल्याच हातांनी मोडायची आणि तुटक्या मालाच्या स्वस्त पिशव्यांत भरायची. तुटका माल जरा काळपट असला तरी गिऱ्हाईक कुरकुरत नाही.

सांगायला काय हरकत होती? हरकत मोठी होती. वसंतात तिने सासऱ्यांना म्हटलं होतं, "बाबा, मला कोळशावरचं शिकवा ना." त्यावर त्यांनी मानही वर न करता उत्तर दिलं होतं, "तू आपला पुढचा पोरखेळ सांभाळ." आता डोळ्यांचं काढलं की म्हणणार, सूनबाई शेगडीवर टपूनच बसली होती. नवऱ्याला विचारलं, तर ताकेआकी नगरपालिकेतला माणूस; तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे." स्वतःच्या बापाशी बोलायची त्याची छाती नव्हती, हे त्याने अर्थातच सांगितलं नाही.

पोरखेळ म्हणजे दुकानाचा पुढचा कोपरा. गॅसच्या जाळ्या, सहा स्टुलं, आणि हौसेने आपली सेम्बेई आपणच भाजून खायला आलेली माणसं. हा कोपरा चिझुरुने अकरा वर्षांपूर्वी काढला. तेव्हापासून र्योसाकुंनी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. पुढे यायचं झालं तर ते गल्लीतून वळसा घालून यायचे, पण कोपऱ्यातून म्हणून जायचे नाहीत.

त्या गुरुवारी सकाळी पडदा सरकला आणि म्हातारबुवा पुढच्या दाराने आत आले. अंगात बाहेर जायचा कोट, हातात रांगेत उभं राहून काढलेलं तिकीट. येऊन सरळ सहाव्या स्टुलावर बसले.

चिझुरु लगबगीने पुढे झाली. "बाबा, हे काय?"

"गिऱ्हाईक आहे. तिकीट बघ."

शेजारी नागोयाहून आलेल्या दोघी बहिणी बसल्या होत्या, दोघीही साठीच्या पुढच्या, तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. हेच इथले मुख्य कारागीर, हे कळल्यावर तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

"अगं बाई, खुद्द उस्ताद! ताई, यांच्याकडे बघून भाज, म्हणजे चुकणार नाहीस."

"तू तुझं बघ. मागच्या वेळी चकतीचा फुगा केला होतास."

चिझुरुने रोजचं सांगायला घेतलं. चकती जाळीवर ठेवा, काड्यांनी सारखी उलटत राहा, फुगायला लागली की मातीच्या खापरीने दाबा, लगेच उचला. तोंड रोजच्या सवयीने चालत होतं, जीव मात्र सहाव्या स्टुलाशी अडकला होता. एकदा जवळून जाताना तिने हळूच विचारलं, "मागचं सोडून इथे का?"

"मागे अलीकडे अंधार वाटतो." र्योसाकु जाळीवरून नजर न काढता म्हणाले. "दिवा बदलला, तरी तसंच. इथे तुझा लखलखाट आहे. म्हटलं, उजेडात एकदा बघावं."

म्हणजे त्यांनाही शंका आली होती. चिझुरुला भरून आलं. या माणसाने अकरा वर्षांचा हट्ट मोडून उजेडासाठी तिच्या दारात तिकीट काढलं होतं.

त्यांचा हात अजून तसाच होता. उलटणं, दाबणं, उचलणं, सगळं हलकं आणि वेळेवर. बहिणी आपलं भाजायचं सोडून बघत राहिल्या. पण सोनेरी रंग येऊन गेला तरी म्हातारबुवा थांबले नाहीत. तो रंग तपकिरी झाला. मग कडेला काळा डाग धरला, तो पसरला, पातळ धूर निघाला. बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

र्योसाकुंनी सेम्बेई उचलून खिडकीकडे धरली. "कशी आहे?"

"वा! काय खमंग वास सुटलाय," धाकटी म्हणाली.

"उस्तादांची गोष्टच वेगळी," थोरलीने री ओढली.

म्हातारबुवांनी ते ऐकून घेतलं आणि सुनेकडे वळले. "तू सांग. झाली?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! अठरा दिवस तिचे हात तेच तर म्हणत आले होते. पण समोरचा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोड ऐकायला आला नव्हता.

"करपली, बाबा. अर्धी काळी आहे."

थोरल्या बहिणीची चकती फुगत चालली होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"कधीपासून?"

"अठरा दिवस."

"आणि तो माल?"

"मी मोडला. तुटक्यात घातला."

"बावन्न वर्षं मी एकेक चकती जिवापाड जपून भाजली," र्योसाकु सावकाश म्हणाले, "आणि तू माझ्या मागे त्या मोडत बसलीस."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." ती अडखळली, मग तिने ठरवलंच, आता अर्धं कशाला ठेवायचं. "आणि दुसरंही आहे. मला शेगडी हवी होती. अजूनही हवी आहे. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, शेगडीसाठीच सांगतेय."

"म्हणालोच असतो," म्हातारबुवा म्हणाले.

त्यांनी ती सेम्बेई चार बोटांनी तोडली, तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिले. चेहरा वाकडा झाला, पण थांबले नाहीत. दुसरा तुकडा, तिसरा. "कडू आहे," ते म्हणाले. "अठरा दिवस हे लोकांनी खाल्लं."

"बाबा, टाकून द्या ना ती."

"माझी आहे, मी खाणार." शेवटचा काळा तुकडाही त्यांनी संपवला, कोटावरचा चुरा झटकला आणि उठून पहिल्यांदाच कोपऱ्यातून मागच्या दाराकडे निघाले. दाराशी थांबले. "पहाटे साडेचारला ये. आधी कोळसा पेटवायला शीक, त्यातच महिना जाईल. रंग तू बघायचा."

"हो, बाबा."

"आणि माझं चुकलं, तर तिथल्या तिथे तोंडावर सांगायचं. मागे जाऊन मोडायचं नाही."